डॉ. मंचेरशा गिल्डर

१९१८ साली रशियातील नव्या समाजवादी सरकारने लोकांच्या आरोग्याचे खाते डॉ. सेमाश्को या वैद्याच्या हाती दिले. आपल्या मुंबई इलाख्यात तसा योग १९३७ साली आला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा धनजीभाई गिल्डर यांच्याकडे आली. हृदयरोगावरील निष्णात वैद्य म्हणून मुंबईत त्यांचा लौकिक होता.

ही दोन खाती एका हाती येणे ही मोठी विचित्र गोष्ट होती. एका खात्याने रोग हटवावयाचे, तर दुसऱ्याने दारूवरील कराने तिजोरी भरावयाची! काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिले होते. पण ते पाळावे तर उत्पन्न बुडणार. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे हे पूर्वी कोल्हापूर संस्थानचे दिवाण होते. तूट भरून काढण्यासाठी त्यांनी शहरातील घरांवर नवा कर बसविला, तेव्हा घरमालक खवळले. डॉ. गिल्डर यांची अडचण तर याहून नाजूक होती. ते स्वतः पारशी आणि मुंबईतील दारू-ताडीचा पुष्कळसा व्यापार पारशी कुटुंबांच्या हाती. ज्या घरांत त्यांनी रोगी बरे केले असतील, त्याच घरांची चूल आता त्यांच्या सहीने विझणार होती. जातभाईंनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली, सभा भरविल्या. त्या लोकांचा राग अगदीच अकारण होता, असेही म्हणता येत नाही. तरीही १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू झाली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पुढे ती बंदी टिकली नाही.

१९४२ च्या चळवळीत डॉ. गिल्डर यांस कारावास घडला. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. तेव्हा सरकारने या कैदी वैद्यास तेथे आणले. सरकारी डॉक्टरांच्या जोडीने ते गांधीजींची प्रकृती तपासत. कस्तुरबांचे हृदय दुबळे झाले होते. त्यांच्यावरही त्यांनी उपचार केले. परंतु २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच वाड्यात कस्तुरबांनी देह ठेवला.

१९४६ साली डॉ. गिल्डर पुन्हा आरोग्यमंत्री झाले. त्या काळी जंगलपट्टीतील गावांचे हिवतापाने फार हाल होत. सुगीच्या ऐन दिवसांत घरेच्या घरे अंथरुणास खिळत. त्याच वर्षी धारवाड व कारवारकडील भागांत मलेरिया-अधिकारी डॉ. विश्वनाथन यांनी घरोघर डी.डी.टी. फवारण्याचे काम आरंभिले. रक्त प्यालेला डास जड होऊन भिंतीवर विसावतो. भिंतीवर औषध असले की तो तेथेच मरतो आणि ताप एका घरातून दुसऱ्या घरी जात नाही. या औषधाचे दुष्परिणाम पुढे कळून आले; पण त्या वेळी हजारो घरांतील हुडहुडी त्याने थांबविली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधावयास घेऊन वसविलेली राधानगरी आणि तिच्या भोवतालच्या रानातील वाड्या त्या दिवसापासून डॉ. गिल्डर यांच्या खात्याखाली आल्या. १९५२ साली ते मंत्रिपदावरून दूर झाले. त्यानंतर काही वर्षे ते राज्यसभेचे सभासद होते.