ॲलन ब्लमलाइन

ॲलन ब्लमलाइन याचा जन्म २९ जून १९०३ रोजीं लंडन शहरीं झाला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचतां येत नसे, असें सांगतात. गणितांत व यंत्रांत मात्र त्याची बुद्धि लवकर रमली. एकदां चित्रपट पाहतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, नट पडद्याच्या एका कडेस जातो, पण त्याचा आवाज जागचा हालत नाहीं. मनुष्यास कान दोन, मग ध्वनीस वाट एकच कां? डिसेंबर १९३१ मध्यें त्यानें आपल्या योजनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तबकडीच्या एकाच खांचेंत दोन ध्वनि कोरण्याची युक्तीही तींत होती.

वाचकहो, या शोधाचें पुरें सुख हवें असेल, तर दोन ध्वनिक्षेपकांमध्यें जितकें अंतर, तितक्याच अंतरावर दोहोंपासून बसावें. एक जवळ आला कीं सारें गायन तिकडेच ओढलें जातें!

स्टीरिओ तबकड्या बाजारांत पसरल्या त्या १९५८ पासून. तें पाहण्यास ब्लमलाइन उरला नव्हता. रडारच्या चांचणीसाठीं निघालेलें हॅलिफॅक्स विमान ७ जून १९४२ रोजीं वेल्सच्या सीमेजवळ कोसळलें. आंतील अकराही जण गेले. त्याचें वय ३८ होतें. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून ही वार्ता बराच काळ गुप्त ठेवण्यांत आली.