गवंड्याची नजर, शल्यविशारदाचा हात

१९१५ च्या जानेवारीत बॉस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयात डॉक्टरांची एक सभा भरली. विषय होता रुग्णालयांची कार्यक्षमता. सभा बोलावणारे अर्नेस्ट कॉडमन स्वतः शल्यविशारद होते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद ठेवावी आणि ती उघड करावी, या आग्रहापायी त्यांनी शहरातील बड्या डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला होता. त्या रात्री त्यांनी एका व्यंगचित्रावरचा पडदा दूर केला. वाळूत तोंड खुपसलेला शहामृग पायांनी मागे सोन्याची अंडी उडवतो आहे आणि डॉक्टरमंडळी ती झेलत आहेत, असे ते चित्र होते. सभेत एकच गदारोळ उडाला आणि पुढे कॉडमन यांना स्थानिक वैद्यक मंडळातील आपले पद सोडावे लागले. या वादळात सभेतील एक वक्ता झाकोळून गेला. तो डॉक्टर नव्हता, त्याने महाविद्यालयाचे तोंडही पाहिले नव्हते. वयाच्या सतराव्या वर्षी तो विटा रचायला शिकला होता. त्याचे नाव फ्रँक बंकर गिल्ब्रेथ.

गिल्ब्रेथ यांचा जन्म ७ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, फेअरफिल्ड या गावी झाला. तीन वर्षांचे असताना वडील वारले. आई मुलांना घेऊन पुढे बॉस्टनला आली. मुलगा हुशार होता, अभियांत्रिकीच्या नामवंत संस्थेचे दार त्याच्यासाठी उघडे होते. पण १८८५ मध्ये त्याने शिक्षणाऐवजी गवंड्याच्या हाताखाली काम पत्करले. कामावर पहिल्याच दिवसांत त्याला एक कोडे पडले. वीट कशी रचायची हे शिकवणारा गवंडी शिकवताना एका पद्धतीने हात हलवी, सावकाश काम करताना दुसऱ्या आणि घाईत असताना तिसऱ्याच. यांतली खरी पद्धत कोणती, या प्रश्नाने त्या पोराला जे पछाडले ते आयुष्यभर सोडले नाही.

पुढे स्वतःचा बांधकामाचा व्यवसाय सुरू केल्यावर त्यांनी या प्रश्नाची उकल केली. गवंडी दिवसभर दमतो तो भिंत बांधून नव्हे, तर वाकून वाकून, हे त्यांनी ताडले. प्रत्येक विटेसाठी पायापर्यंत वाकायचे, वीट उचलायची, हातात फिरवून तिची चांगली बाजू शोधायची, मग ती बसवायची. गिल्ब्रेथ यांनी भिंतीबरोबर वर चढत जाणारी परांची तयार केली आणि विटा व गारा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर आणून ठेवले. विटा निवडण्याचे काम त्यांनी बिगाऱ्याकडे दिले. बिगारी त्या चांगली बाजू ठरावीक दिशेला येईल अशा चौकटीत रचून आणी. गवंड्याला आता शोधाशोध उरली नाही, हात पुढे केला की वीट हातात. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचाच्या आसपास आल्या आणि तासाला १२० विटा रचणारा माणूस ३५० रचू लागला. यात कोणाला पळवले नव्हते, ही बाब लक्षात घेतली पाहिजे. घड्याळ हाती धरून मजुराच्या मागे लागणारे फ्रेडरिक टेलर आणि गिल्ब्रेथ यांचे पुढे बिनसले, ते याच मुद्द्यावर. टेलर वेळ मोजत, गिल्ब्रेथ हालचाल.

हाच विचार त्यांनी कारखान्यात नेला. प्रॉव्हिडन्समधील न्यू इंग्लंड बट कंपनीत वेण्या विणणारी यंत्रे जोडली जात. तिथे सुटे भाग ढिगातून शोधण्याऐवजी ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडून ठेवण्याची व्यवस्था झाली. दिवसाला अठरा यंत्रे जोडणारा कामगार सहासष्ट जोडू लागला.

गवंड्याकडून शल्यविशारदाकडे जाण्याची उडी वाटते तेवढी मोठी नव्हती. त्या काळी कित्येक शस्त्रक्रियागृहांत डॉक्टर एका हाताने जखम सांभाळत आणि दुसऱ्या हाताने तबकात हवे ते अवजार चाचपत. नजर रुग्णावरून उठे, तबकावर जाई, पुन्हा रुग्णावर येई. शिवाय एकाच कामासाठी दहा डॉक्टरांची दहा घडणीची अवजारे. ती ठेवायची कशी, मोजायची कशी, याला धरबंध नव्हता. रुग्ण मात्र तोवर ईथरच्या गुंगीत पडून असे. भूल जितकी लांबे तितका धोका वाढे, आणि रक्त देण्याची सोय तेव्हा सर्रास नव्हती. विटेच्या शोधात गेलेला क्षण मालकाच्या खिशातून जातो, पण चिमट्याच्या शोधात गेलेला क्षण रुग्णाच्या आयुष्यातून जातो.

गिल्ब्रेथ यांनी शस्त्रक्रियांचे चलच्चित्रण केले. चौकटीत एक खास घड्याळ ठेवलेले असे. त्यामुळे कोणत्या हालचालीला किती वेळ गेला, हे चित्रपट्टी पुढेमागे करून वाचता येई. काही प्रयोगांत ते काम करणाऱ्याच्या बोटांना लहान दिवे बांधत आणि हाताचा मार्ग छायाचित्रावर प्रकाशाच्या रेघेत उमटवून घेत. निष्कर्ष डॉक्टरांना रुचण्यासारखा नव्हता. कुशल हाताचा मोठा वेळ कापण्यात वा शिवण्यात जात नसून अवजार शोधण्यात जातो, असे ते सांगत. उपाय बांधकामावरचाच होता. अवजारांचे नमुने कमी आणि ठरावीक करा, ती लागण्याच्या क्रमाने मांडा, आणि मागताच योग्य अवजार हातात ठेवणारा माणूस शेजारी उभा करा. थोडक्यात, शल्यविशारदालाही बिगारी द्या. असे मदतनीस काही ठिकाणी आधीही असतील, तेव्हा सगळे श्रेय एकट्या गिल्ब्रेथ यांच्या पदरात टाकणे धाडसाचे ठरेल. पण मोठ्यांच्या मर्जीनुसार मिळणाऱ्या या सोयीला त्यांनी नियमाचे रूप द्यायला लावले. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांच्यासारख्या काही डॉक्टरांनी त्यांना साथ दिली. इतरांना मात्र, विटा रचणाऱ्याने आपल्याला शिकवावे हे पचले नाही.

आपल्या मोजमापांत गिल्ब्रेथ यांनी मानवी कामाचे सतरा-अठरा मूलघटक पाडले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून त्यांना थर्ब्लिग हे नाव दिले. त्यांतला एक घटक शोधणे. त्याचे चिन्ह म्हणजे बाजूला वळलेला डोळा.

घरातही ही प्रयोगशाळा चालूच असे. पत्नी लिलियन मानसशास्त्राच्या विदुषी होत्या. दोघांच्या पुस्तकांत त्यांचा वाटा मोठा, पण तो नावानिशी छापायला प्रकाशक कचरत. बारा मुले झाली, त्यांतली एक घटसर्पाने लहानपणीच गेली. दोन मुलांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया घरीच करायच्या आणि त्यांचे चित्रण करायचे, असे वडिलांनी ठरवले. डॉक्टर आले, मुले एकामागून एक टेबलावर गेली. पुढे वडिलांनीही मोठ्या तोऱ्यात आपले टॉन्सिल काढून घेतले आणि विव्हळत घरी परतले. मग छायाचित्रकाराने कबुली दिली की भिंगावरचे झाकण काढायचेच राहून गेले होते. हालचालींचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या घरात नेमकी एक हालचाल कमी पडली. प्रसंग विनोदी आहे, पण स्वतःच्या मुलांची शस्त्रक्रियाही अभ्यासाचे साहित्य मानणाऱ्या या बापाबद्दल वाचकाच्या मनात किंचित अस्वस्थताही उरते.

१४ जून १९२४ रोजी मॉन्टक्लेअरच्या रेल्वे स्थानकावरून ते पत्नीशी दूरध्वनीवर बोलत होते आणि बोलता बोलताच कोसळले. वय पंचावन्न. लंडन आणि प्राग येथील परिषदांसाठी काही दिवसांतच ते बोटीने निघणार होते.

आज गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत कोणत्याही मोठ्या रुग्णालयात डॉक्टर मान न वळवता तळहात पुढे करतात आणि परिचारिका त्यावर कात्री ठेवते. प्रत्येक शस्त्रक्रियेचा संच वेगळा बांधलेला असतो. त्यासोबत यादी असते, आणि टाके घालण्यापूर्वी अवजारे व कापसाच्या पट्ट्या मोजून यादीशी ताडल्या जातात. एक नग कमी भरला तर सगळे थांबते. निर्जंतुकीकरण विभागात संच परत येतो तेव्हा पुन्हा तीच मोजणी होते.

गिल्ब्रेथ गेले त्याच महिन्यात लिलियन अकरा मुलांना मागे ठेवून परिषदांना गेल्या आणि पतीच्या जागी उभ्या राहिल्या. कारखानदारांनी बाईच्या हाती काम द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या मांडणीचा अभ्यास हाती घेतला. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पायाने दाबून झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा त्यांच्या नावावर सांगितला जातो. स्वयंपाकघरासाठी योजलेला तो डबा आता रुग्णालयांतही असतो, आणि हात न लावता त्याचे झाकण उघडते.