गंधकाचे रहस्य आणि गुडइयरचे कर्ज

गुडइयर हे नाव आज रस्तोरस्ती दिसते. मात्र ती टायर कंपनी १८९८ साली निघाली. चार्ल्स गुडइयरच्या कुटुंबाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. नाव तेवढे त्याचे घेतले गेले.

अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८०० साली जन्मलेल्या या माणसाचा लोखंडी सामानाचा धंदा १८३० च्या सुमारास बुडाला आणि कर्जापायी तुरुंगवास पाचवीला पुजला. रबराच्या धंद्याचीही तीच गत होती. कच्चे रबर उन्हाळ्यात पाघळे, थंडीत कडक होई. रबरात गंधक घालण्याची कल्पना गुडइयरने नॅथॅनिएल हेवर्डकडून घेतली, हे त्याचे चरित्रकार कधीकधी विसरतात. १८३९ साली वूबर्न येथे गंधकमिश्रित रबर तापल्या शेगडीला चुकून लागले आणि न वितळता चामड्यासारखे चिवट झाले. योगायोग खरा, परंतु पाच वर्षे त्याच ध्यासात घालविलेल्या माणसाच्या दृष्टीस तो पडला.

गंधक रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्यांमध्ये पूल बांधतो, हे त्याला कळणे शक्य नव्हते. क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा. आज गंधकाच्या क्ष-किरण वर्णपटावरून पूल एका अणूचा की अनेक अणूंचा, याचा अंदाज बांधता येतो. आखूड पूल उष्णतेत अधिक टिकतात.

गुडइयरच्या काळी नमुना असा बोलत नव्हता. तरीही त्यानेच घात केला. मालाचे तुकडे इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकच्या हाती पडले. त्यावरील गंधकाची खूण त्याने ओळखली, स्वतः प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये पेटंटचा अर्ज दाखल केला. गुडइयरला अमेरिकेत पेटंट मिळाले ते जून १८४४ मध्ये. नुसत्या नमुन्यावरून कृती कळत नाही, अशी साक्ष रसायनशास्त्रज्ञांनी दिली आणि १८५५ साली इंग्लंडमधील दावा गुडइयर हरला. मायदेशी १८५२ चा खटला डॅनियल वेब्स्टरने त्याला जिंकून दिला होता. पण परवाने अल्प मोबदल्यात दिलेले, आणि मिळकत खटले व प्रयोग यांतच जिरत होती. विकल्या मालाबरोबरच ज्याचे गुपित बाहेर पडते, त्या शोधाची राखण कायद्यानेही अपुरीच होते.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने रबराच्या वस्तूंचे भव्य दालन मांडले. त्याच सुमारास कर्जापायी त्याला तेथील तुरुंगात जावे लागले आणि फ्रान्सचा बहुमानही मिळाला. १८६० साली मरणासन्न मुलीला भेटावयास निघाला असता न्यूयॉर्कला पोहोचताच तिच्या निधनाची वार्ता त्याला कळली. १ जुलै रोजी तेथेच त्याचा अंत झाला. मागे उरले होते सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज.