विल्यम केरी : नित्याच्या कामातील धैर्य

धैर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण, तुरुंग किंवा रक्तसाक्ष्याचे मरण उभे राहते. बहुतेकांच्या वाट्याला असे प्रसंग येत नाहीत. आपली कसोटी लागते ती कचेरीत, घरात, आजाऱ्याच्या उशाशी. विल्यम केरी यांचे धैर्य याच जातीचे होते.

इंग्लंडात जोडे शिवण्याचा व्यवसाय केलेले केरी १७९३ साली सहकुटुंब कलकत्त्यास आले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर पत्नी डोरोथी यांचे मन पूर्ण ढासळले. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. बंगाली माणसाचा पहिला बाप्तिस्मा पाहावयास केरींना १८०० च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे सात वर्षे, थांबावे लागले. या साऱ्या काळात त्यांचे भाषांतर चालूच होते.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. महाराष्ट्राची भूमी त्यांनी कधी पाहिली नाही; तरी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश सिद्ध केला. मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळी त्या छापखान्यास आग लागली. केरी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकारी मार्शमन यांनी ही वार्ता त्यांना दिली. कागद, अनेक भाषांचे खिळे आणि केरींच्या बहुभाषिक शब्दकोशाचे हस्तलिखित, सारे भस्म झाले होते. हस्तलिखिताची दुसरी प्रत नव्हती.

भाषांतराचे काम करणाऱ्यास या हानीचे मोल ठाऊक असते. एका शब्दासाठी घालवलेले दिवस विकत मिळत नाहीत. केरी फार हळहळले. पण नव्याने भाषांतरास बसले. वाटेवरून दुसऱ्यांदा जाणाऱ्यास ती अधिक ओळखीची असते, अशी त्यांची धारणा होती. वॉर्ड यांना राखेत खिळे पाडण्याचे साचे शाबूत सापडले. वितळलेल्या शिशातून नवे खिळे ओतले गेले आणि काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे केरी निवर्तले. त्यांच्या मराठी भाषांतरात पुढे पुष्कळ सुधारणा कराव्या लागल्या, हेही खरेच. परंतु प्रिय वाचकहो, आपले काम अपुरे ठरेल हे जाणूनही ते आज प्रामाणिकपणे करणे, आणि नष्ट झाल्यास पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ करणे, एवढे धैर्य देवाजवळ मागावयास आपणांस कोणती अडचण आहे?