रघुनाथ धोंडो कर्वे : प्रश्नोत्तरांच्या सदरातून आलेला विषय

समलिंगी संबंधांचा विषय साहित्यात कोणत्या वाटेने येतो, हे पाहताना दोन समाजांची तुलना उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या उत्कट मैत्रीला समाजाची मान्यता होती, आणि त्या मैत्रीची हळवी भाषा पत्रांतून व कादंबऱ्यांतून सर्रास वापरली जाई. बेयर्ड टेलर यांची ‘जोसेफ अँड हिज फ्रेंड’ ही कादंबरी १८७० मध्ये आली. हेन्री जेम्स यांच्या ‘द बॉस्टनियन्स’ (१८८६) या कादंबरीच्या केंद्रस्थानी दोन स्त्रियांचे सहजीवन आहे. वैद्यकशास्त्राने या ओढीला नाव दिले, तिचे वर्गीकरण केले आणि तिच्याकडे संशयाने पाहण्याची सवय लावली, ती मुख्यतः शतक संपत आल्यावर. थोडक्यात, तेथे कथा आधी आली आणि शास्त्र नंतर. आधुनिक मराठीत हा क्रम उलटा दिसतो. मराठी कादंबरी या विषयावर गप्प असताना एका मासिकातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांनी त्याला छापील शब्द मिळवून दिले. त्या मासिकाचे संपादक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई रघुनाथरावांच्या बालपणीच वारल्या. शालेय व महाविद्यालयीन शिक्षण पुण्यात झाले. विषय गणित, पुढे त्याच विषयाच्या अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले. गणिती मनाची ही घडण लक्षात ठेवावी. गृहीतक चुकीचे असेल तर ते कितीही प्रतिष्ठित असले तरी सोडून द्यायचे, ही त्यांची रीत लेखनातही टिकली. त्यामुळे त्यांचे गद्य काहीसे कोरडे वाटते, परंतु ते कधीही संदिग्ध नसते.

मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे आहे. मिशनरी संस्थेच्या प्राध्यापकाने असा प्रचार करावा, हे चालकांना मानवणारे नव्हते. प्रचार की नोकरी, असा पेच उभा राहिला आणि १९२५ मध्ये रघुनाथरावांनी नोकरी सोडली. त्यानंतर स्थिर उत्पन्न असे त्यांना फारसे लाभले नाही. पत्नी मालतीबाईंनी हे सारे पत्करले, इतकेच नव्हे तर मूल न होऊ देण्याचा निर्णयही दोघांनी मिळून घेतला. मालतीबाईंचा हा वाटा चरित्रकारांनी बहुधा एका वाक्यात उरकला आहे. तो त्याहून मोठा आहे.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. संततिनियमन, गुप्तरोग, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, नग्नता अशा विषयांवर त्यात सरळ भाषेत लिहिले जाई. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र त्यातील वाचकांच्या पत्रांकडे अधिक लक्ष द्यावे. ज्या काळात घरात, शाळेत वा वैद्यासमोरही लैंगिक प्रश्न उच्चारणे अशक्य होते, त्या काळात टपालाने पाठवलेले पत्र हा एकच आडोसा होता. आज भोर किंवा राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील एखाद्या वाडीत बसून हा घटक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हातातील फोनवर माहिती मिळते. तोरण्याच्या पायथ्याच्या अशाच एखाद्या गावातील १९३० च्या सुमाराचा तरुण क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. आपल्याला जे वाटते ते आणखी कोणाला वाटते का, हे विचारायला त्याच्याजवळ माणूस नव्हता आणि शब्दही नव्हता. जो शब्द होता तो शिवी म्हणून वापरला जाई, किंवा कायद्याच्या पुस्तकात असे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम अशा संबंधांना निसर्गक्रमाविरुद्धचा गुन्हा ठरवीत होते.

मासिकाला विरोध होणार हे उघड होते. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल रघुनाथरावांवर अश्लीलतेचा खटला झाला व त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना संपादकाने दिलेली उत्तरे हाच या वेळी आरोपाचा आधार होता. म्हणजे लेखकाच्या मताइतकाच वाचकाचा प्रश्नही अश्लील ठरत होता. त्या काळच्या न्यायालयांवर १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन निवाड्याचा प्रभाव होता. मजकूर ज्यांच्या हाती पडू शकतो त्यांचे मन बिघडवण्याकडे त्याचा कल आहे काय, ही त्या निवाड्याची कसोटी. अशा कसोटीपुढे शास्त्रीय हेतू फारसा टिकत नाही, कारण मासिक कोणाच्याही हाती पडू शकते.

रघुनाथरावांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांना तेव्हा फार दिवस झाले नव्हते. अशा माणसाने एका बदनाम मासिकाची बाजू न्यायालयात मांडावी, याला पैशाचे कारण असणे शक्य नव्हते. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता की, लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही. वाचकाला शंका असेल तर तिला ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे. प्रश्न दडपल्याने विकृती दूर होत नाही. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी पुढे असेही मांडले की, काहींमध्ये समलिंगी ओढ उपजतच असते आणि त्यांनी आपल्या रीतीने सुख मिळवण्यात गैर काही नाही. हे १९३४ साली, मुंबईच्या न्यायालयात मांडले गेले, याची नोंद विद्यार्थ्यांनी घ्यावी. न्यायालयाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला. नोकरी गमावलेल्या संपादकाला ही रक्कम लहान नव्हती.

त्या काळचा कादंबरीकार काय करीत होता? ना. सी. फडके हे संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी लैंगिक प्रश्नांवर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. त्यांच्या कादंबऱ्यांचे विश्व मात्र स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचेच राहिले. प्रेमकथेचा साचा मोडण्याची गरज ललित लेखकाला वाटली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रीला उत्कटपणे चाहणारी स्त्री मध्यवर्ती पात्र म्हणून ठळकपणे उभी राहिली ती विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात, १९८१ मध्ये. रघुनाथरावांवरील खटल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची, आणि ३७७ व्या कलमातून प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

दंड झाल्यावरही मासिक चालूच राहिले. वर्गणीदार मोजके, जाहिराती कमी, आणि संपादनापासूनची बहुतेक कामे एकाच माणसाच्या शिरावर, अशा स्थितीत रघुनाथरावांनी ते सव्वीस वर्षे चालवले. मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. वडील धोंडो केशव त्या वेळी हयात होते; पाच वर्षांनी त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाचे मासिक त्याच्या मृत्यूनंतर लगेचच बंद पडले.