ओझ्याखालचा माणूस : अण्णासाहेब पाटील

वाशीच्या बाजार समितीच्या आवारात आमची धान्याची छोटी पेढी आहे. आजोबांनी ती दाणाबंदरला सुरू केली. पुढे बाजार हलला तेव्हा वडील आणि काका ती खाडी ओलांडून इकडे घेऊन आले. गादीवर वडील, हिशेबाला काका आणि सुट्टीच्या दिवशी मी, एवढाच आमचा कारभार. अशा घरात लेव्ही हा शब्द लहानपणापासून कानी पडतो, आणि तो उच्चारताना मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. त्या आठीबरोबर एक नाव हमखास येते, अण्णासाहेब पाटील यांचे. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहणाऱ्या माझ्या वर्गमित्राच्या घरी मात्र त्याच अण्णासाहेबांची तसबीर देवघराशेजारी लावलेली आहे. एका घरात आठी आणि दुसऱ्या घरात जोडलेले हात! हे कोडे मला स्वस्थ बसू देईना, म्हणून मी या माणसाचे आयुष्य समजून घ्यायचे ठरवले.

अण्णासाहेबांचा जन्म 25 सप्टेंबर 1933 रोजी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मंद्रुळकोळे या गावी झाला. डोंगराळ मुलूख, तुटपुंजी शेती. तिथल्या तरुणाला मुंबईची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. अण्णासाहेबही मुंबईस आले आणि दारूखान्याच्या परिसरात मजुरी करू लागले. हमालांचे दुःख त्यांना पुस्तकातून कळले नाही. ते त्यांनी जवळून पाहिले आणि स्वतः सोसले.

त्या काळी बाजारात पोते शंभर किलोचे असे. पहाटेपासून रात्रीपर्यंत गाड्या भरायच्या आणि रित्या करायच्या. मजुरी टोळीच्या मुकादमाच्या हातात पडायची आणि त्याचा वाटा कापून उरलेली हमालाला मिळायची. आजारपण आले की चूल बंद. कंबर मोडली की गावाचा रस्ता.

कायदे नव्हते असे नाही. कारखान्यांसाठी कायदा होता, दुकानांसाठी 1948 चा कायदा होता, भविष्य निर्वाह निधीचा कायदाही 1952 साली आला होता. परंतु हे सारे कायदे एकच प्रश्न विचारीत : या कामगाराचा मालक कोण? हमाल सकाळी एका पेढीचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. पेढीवाला वाहतूकदाराकडे बोट दाखवी आणि वाहतूकदार मुकादमाकडे. ज्याला दहा मालक त्याला एकही मालक नाही, अशी ही अवस्था होती. शिवाय आमच्यासारख्या दोन भावांच्या पेढीने एका हमालाच्या दहाव्या हिश्शाचा निर्वाह निधी ठेवायचा तरी कसा?

अण्णासाहेबांचे मोठेपण मला येथे दिसते. विखुरलेल्या टोळ्यांना त्यांनी एका संघटनेत बांधले. मोर्चे काढले, संप केले. पुण्यात डॉ. बाबा आढाव हमालांना संघटित करीत होते; मुंबईत हे काम अण्णासाहेबांनी उभे केले. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी, हे नाव अभिमानाचे झाले. अखेर वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1969 साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याची युक्ती साधी आहे. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ असते. व्यापाऱ्याने तेथे नोंद करायची, हमालानेही करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापारी मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराला पगार देते. लेव्हीतून निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार यांची सोय होते. शंभर छोट्या पेढ्या मिळून जणू एक मोठा मालक तयार होतो. कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, पण कायदा टिकला. पुढे 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला.

मग आमच्या घरची आठी खोटी का? तसेही म्हणता येत नाही. मोठ्या कंपनीला कारकून असतो. आमच्याकडे मंडळाचे भरणे आणि नोंदी काकाच रात्री जागून करतात. मंदी असो वा तेजी, टोळी आपल्याला निवडता येत नाही. शिवाय माथाडीचे नाव पुढे करून, काम न करताच पैसे उकळणारे लोकही निघाले. त्यांचा जाच व्यापाऱ्याला होतो आणि बदनामी खऱ्या माथाडीची होते.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. टेम्पो उशिरा आला, टोळी दुसरीकडे गुंतलेली होती. वडील, काका, मी आणि माझा एक मित्र, आम्ही चौघांनी पोती उतरवायला घेतली. मुकादमाने हरकत घेतली. वडील संतापले; आपल्याच दुकानात आपला माल उचलायचा नाही काय, असा त्यांचा सवाल होता. नंतर मी कायदा वाचला. त्यातील कामगाराच्या व्याख्येतून मालकाच्या कुटुंबातील माणसे स्पष्टपणे वगळलेली आहेत. म्हणजे आम्ही तिघे बरोबर होतो. माझा मित्र मात्र कुटुंबातला नव्हता, तेव्हा मुकादमही अगदीच चुकला नव्हता. वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी पोती पन्नास किलोचीच होती. बारा पोत्यांनंतर माझी मान दोन दिवस वळत नव्हती.

अण्णासाहेब विधान परिषदेचे सदस्य झाले, सत्ताधारी काँग्रेस पक्षात होते. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. गावाकडून येणाऱ्या गरीब मराठा तरुणांची दैना त्यांना दिसत होती. आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे म्हणून 22 मार्च 1982 रोजी त्यांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी, 23 मार्चला, त्यांनी स्वतःवर गोळी झाडून जीवन संपवले. वय अवघे 48. हजारोंच्या माथ्यावरचे ओझे हलके करणाऱ्याला आपल्या मनावरचे ओझे उतरवायला कोणी सोबती मिळू नये, याची खंत वाटते. ते आणखी जगायला हवे होते.

कोडे पूर्ण सुटले, असा माझा दावा नाही. लेव्हीचा हिशेब आमच्या घरी अजूनही कुरकुरतच होतो. पण त्या आकड्यामागे कोणाची तरी म्हातारपणची भाकरी आहे, हे आता मला ठाऊक आहे. माझा वर्गमित्र आज माझ्या शेजारच्या बाकावर बसून पदवीचा अभ्यास करतो, त्यातही त्या लेव्हीचा वाटा आहे. छोट्या पेढीचा त्रास कमी व्हावा, कागदपत्रे सोपी व्हावीत, उपद्रवी लोकांना आळा बसावा, हे सारे मागण्याचा आम्हाला हक्क आहे. पण ते मागताना, एकेकाळी मालकच नसलेल्या माणसाला हक्क मिळवून देणाऱ्या या हमालाच्या पुत्रांपुढे, आणि त्यांच्या अण्णासाहेबांपुढे, माझी मान आता आपोआप वळते. आणि ती दुखत नाही.