हाऊसफुल्लचे पैसे

कॉलेज फेस्टिव्हलसाठी स्पॉन्सर शोधत फिरलायत ना? डीजे नाइटला पैसे देणारे भेटतात. व्यसनविरोधी पथनाट्यासाठी मागून बघा, समोरचा लगेच मोबाइलमध्ये डोकं घालतो. १९८०च्या दशकात तर हे आणखी अवघड होतं. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हे नावही कित्येक घरांत कुणी ऐकलेलं नव्हतं आणि पोरं मात्र त्यात अडकत चालली होती.

तेव्हा पैसे दिले पु. ल. देशपांडे यांनी. हो, तेच. ज्यांची 'म्हैस' तुम्ही यूट्यूबवर ऐकता!

जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मुंबई. शिक्षकी, सिनेमा, आकाशवाणी, दूरदर्शन, सगळं करून झालं. आपल्याला हवाय तो 'बटाट्याची चाळ'चा काळ. स्टेजवर एकटा माणूस अख्खी चाळ उभी करायचा आणि बाहेर हाऊसफुल्लची पाटी. अशा प्रयोगांतून आणि पुस्तकांतून पैसा येऊ लागला, तेव्हा पुलं आणि सुनीताबाईंनी फाउंडेशन काढलं. हिशेबाला सुनीताबाई एकदम कडक. चांगलं काम दिसलं की द्यायचं, पण गाजावाजा नाही.

मग अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला आली. ती वाचून दोघं अस्वस्थ झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनमुक्ती केंद्र काढा म्हणून पुलंनी एक लाख रुपये देऊ केले. मागायला कुणी गेलं नव्हतं बरं का! प्रपोजल नाही, पीपीटी नाही.

पण लाखात इमारत थोडीच होते? जागा मनोरुग्णालयाच्याच आवारात मिळाली, डॉक्टर तर घरच्याच. म्हणून २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू होऊ शकलं. नुसत्या चेकवर ते झालं नसतं, हे आमचं मत. व्यसनातून बाहेर आलेले काही जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांशी बोलण्याचं कामही सुरू झालं.

डॉ. सुनंदा १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या, पुलं १२ जून २००० रोजी. मुक्तांगणची आता पुण्यात स्वतःची इमारत आहे. केंद्राच्या नावात देणगीदाराचं नाव मात्र कुठेच नाही.